आत्याची घोरपड

माझा मुलगा हल्ली जो गेम खेळतो त्यात शहर पडतं तेव्हा काचेचा चुरासुद्धा वेगळा दिसतो. धुरळा उठतो, गाड्या उलट्या होतात, पळणाऱ्या माणसांच्या सावल्यासुद्धा पळतात. तो मला हाक मारून दाखवतो आणि मी पोळ्या लाटता लाटता मान डोलावते. पण खरं सांगायचं तर मला त्यात काही राम वाटत नाही. आमच्या वेळचं शहर म्हणजे करड्या रंगाचे ठोकळे आणि त्यात पिवळ्या खिडक्या. माणसं म्हणजे नुसते हलणारे ठिपके. तरी ते ठोकळे पडताना आमच्या मधल्या खोलीत जे काही व्हायचं ते या चकचकीत पडद्यासमोर होत नाही. आता पन्नाशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, लहानपणातलं बरंच पुसून गेलं. ती एका वर्षाची मोडतोड मात्र तशीच्या तशी आठवते, आणि ती लिहायची तर नंदाआत्याबद्दल लिहावं लागतं.

गेम आणला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून. माझा धाकटा भाऊ राजू एका दुकानापुढं फतकल मारून रडायला लागला. आप्पांनी आधी त्याच्या थोबाडीत दिली आणि मग गेम घेऊन दिला. आमच्याकडं लाड याच क्रमानं व्हायचे. पांढरी पेटी, तिला काळ्या वायरींनी जोडलेले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर चित्र होतं ते असं: आभाळाएवढा एक राक्षस, त्याच्या मुठीत आगगाडीचा डबा, आणि डब्याच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात. आईनं ते चित्र बघितलं आणि म्हणाली, ही काय आणायची वस्तू हाय का घरात. पण आणलेली वस्तू परत करणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं.

कॅसेट घालून बटण दाबलं की दोन राक्षस समोर यायचे. एक पाठीवर काट्यांची रांग असलेला, लांब शेपटाचा, हिरवा. त्याला आम्ही घोरपड म्हणायचो. दुसरा काळा, शिंगवाला, छातीचा रुंद. तो हेल्या, म्हणजे रेडा. एकानं खेळलं तर एक, दोघांनी खेळलं तर दोन्ही. काम एकच, शहर पाडायचं. भिंतीवर चढायचं, बुक्क्या मारून मजले फोडायचे, शेपटीनं पूल तोडायचा, समोरून रणगाडे आले तर उचलून इमारतीवर आपटायचे. वर एक तांबडी पट्टी असायची, ती राक्षसाची ताकद. पट्टी संपली की राक्षस मट्कन खाली बसायचा, डोकं धरायचा, आणि गोळ्या खात तसाच विरून जायचा. शहर पूर्ण पडलं तर वीजघराचा स्फोट व्हायचा, सगळं काळं, आणि मग दुसरं शहर. मी आणि राजूनं त्या इमारतींना नावं देऊन टाकली होती. घड्याळवाली ती इंद्रभुवन, लांबडी ती सिव्हिल हॉस्पिटल, चिमणी होती ती गिरणीची, आणि लाल कौलांची ती आमची शाळा. शाळा पाडण्यावरून आमची रोज मारामारी व्हायची, कारण ती कुणी आधी पाडायची याचा निकाल कधी लागलाच नाही.

आमचं घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं. घर म्हणण्यापेक्षा कारखान्याला चिकटलेल्या तीन खोल्या. पुढं बैठकीची, मधली टीव्हीची, एका अंगाला स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीच्या मागच्या दारातून थेट शेडमध्ये. शेडमध्ये विजेवर चालणारे चार माग. चादरी निघायच्या, कधी टॉवेल. ज्यानं मागाच्या घरात दिवस काढले नाहीत त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. तो कानानं ऐकायचा आवाज नाहीच. तो पायातून वर येतो, दातात बसतो. मांडणीवरची पातेली आपोआप सरकत सरकत काठावर यायची आणि आई येता-जाता त्यांना मागं ढकलायची. चार माग चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात ओरडलं तरी उपयोग नाही. टीव्हीचं चित्रसुद्धा थरथरायचं, त्यामुळं गेम खेळायचा तो जेवणाच्या सुट्टीत किंवा मागांच्या सुट्टीच्या दिवशी. म्हणजे घर गप्प झालं की शहर पडायला लागायचं.

सुट्टीच्या दिवशी आईचा स्वयंपाकही वेगळा असायचा. इतर दिवशी भाकरी आणि शेंगाची चटणी, पटकन गिळायची आणि उठायचं. सुट्टीला शेंगाच्या पोळ्या किंवा वांग्याची भरली भाजी. तव्यावर पोळी टाकल्याचा चर्र आवाज ऐकू येणं ही आमची चैन होती. आमच्याकडं पातळ भाकरी वाळवून कडक करून ठेवायची पद्धत, ती मोडली की कट्‌कन वाजायची, आणि राजू ती मुद्दाम कानाजवळ मोडायचा. अशा वेळी आप्पा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून भिंतीला टेकून बसायचे. चित्र हललं की उठून टीव्हीच्या डोक्यावर एक चापट द्यायचे, चित्र नीट व्हायचं. राजू मधे आला तर दुसरी चापट त्याला. आप्पा वाईट नव्हते. त्यांचा हात तोंडापेक्षा लवकर बोलायचा एवढंच.

नंदाआत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. तिचं लग्न सोलापुरातच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मागवाल्यांच्याच घरात झालेलं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती एका पिशवीत दोन साड्या घेऊन आली आणि परत गेली नाही. आम्हा पोरांना सांगितलं, आत्या भांडून आली हाय. मी तेव्हा आठवीत होते, मला भांडण म्हणजे बोलाचाली वाटली. मग एका सुट्टीच्या दिवशी आई तिला न्हाऊ घालत होती आणि मी पाणी द्यायला गेले. आत्याच्या गळ्याखालचं हाड वाकडं बसलेलं होतं. पाठीवर जुन्या हिरव्या डागांवर नवे जांभळे डाग. खांद्याजवळ एक खोल खड्डा, चिंचोक्याएवढा. मागाचा धोटा असतो ना, आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी दांडा, त्याला दोन्ही टोकांना लोखंडी टोचे असतात. तो खड्डा त्या टोच्याचा होता. आईनं माझ्या हातातलं तांब्याभांडं काढून घेतलं आणि मला बाहेर पाठवलं. मी बाहेर जाऊन हौदापाशी उभी राहिले.

आत्या दिवसभर धोट्यात बसवायच्या दोऱ्याच्या कांड्या भरायची आणि कुणाशी बोलायची नाही. जेवायला बोलावलं की यायची, ताट धुऊन ठेवायची. राजू खेळायला बसला की कांड्यांची पाटी घेऊन आमच्या मागं येऊन बसायची, बघायची. एकदा राजू लघवीला गेला आणि रिमोट तिच्या मांडीजवळ राहिला. घोरपड एका भिंतीवर लटकलेली होती आणि खालून रणगाडे गोळ्या घालत होते. आत्यानं रिमोट उचलला. बटणं कुठली कशाची हे तिनं बघून बघून पाठ केलेलं असणार, कारण तिचं बोट एकदाही चुकलं नाही. तिनं रणगाडा उचलला, आपटला. दुसरा उचलला, आपटला. मग त्या भिंतीत बुक्क्या मारायला लागली, आणि मारत राहिली. इमारत पडली तरी मारत राहिली, नुसत्या ढिगाऱ्यावर. राजू परत आला आणि त्यानं तोंड उघडलं, तसं मी त्याला चिमटा काढला. आत्याचा चेहरा घामानं निथळत होता आणि ती हसत होती. ती आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

त्यानंतर घोरपड आत्याची झाली. मी आणि राजू हेल्यासाठी भांडायचो. ती आमच्यासारखी खेळायची नाही. आम्हाला गुण हवे असायचे, तिला पाडायला हवं असायचं. शहरात उजव्या कोपऱ्यात करवतीसारख्या छपराची एक शेड होती, कारखान्याची असावी. आम्ही तिला नावही दिलं नव्हतं, तिच्यात गुण फार नव्हते. आत्या सुरुवात तिथून करायची. शेपटीचा एक तडाखा, छप्पर गेलं. बुक्की, भिंत गेली. मग ती त्यावर उभी राहून उड्या मारायची. जेवणाच्या सुट्टीत मागावरचे कामगार डबे घेऊन दारात बसायचे आणि आत्याचा खेळ बघायचे. एकजण म्हणाला, ताईंच्या हातात लई राग हाय. आप्पा तोंडात घास ठेवून त्याच्याकडं बघत राहिले, मग जेवायला लागले. आजसुद्धा मुलांच्या शाळेत कुणी मॅडम सांगतात की असले मोडतोडीचे गेम मुलांना हिंसक करतात. असेल बापडं. आमच्या घरात हिंसा आधी आलेली होती, गेम नंतर आला.

पावसाळा सरला तशी माणसं यायला लागली. आधी तिच्या सासूचा निरोप, मग कुणीतरी मध्यस्थ, मग आप्पांचे चुलते तात्या. तात्या भावकीतले मोठे, पांढऱ्या मिशांचे, बोलायच्या आधी पानाला चुना लावायचे. ते म्हणाले, पोरगी किती दिवस माहेरी ठेवायची, बैठक बसवू, दोन शब्द त्यांचे, दोन शब्द आपले. आप्पांनी मान डोलावली. आईनं रात्रीची भांडी इतक्या जोरात घासली की कढईचा कान तुटला. आत्याला कुणी काही विचारलं नाही. तिनं फक्त मला सांगितलं, तेही मी तिच्या केसात तेल घालत होते म्हणून.

"हे मला धाडणार. तितं गेले तर मी जित्ती ऱ्हायची न्हाय, बाय. तू ध्यानात ठेव, कुणी विचारलं तर सांगायला."

मी तेल घालत राहिले. रात्रभर मला वाटत होतं की बैठकीच्या दिवशी भूकंप व्हावा, आणि सगळं सोलापूर पडावं.

बैठक मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली, कारण माग चालू असताना बोलणार काय आणि ऐकणार काय. आईला पहाटेच मटण चिरायला दिलं. आमच्याकडं बैठकीत तोडगा निघाला की मटणाचं जेवण होतं, दोन्हीकडची माणसं एका पंगतीला बसतात. इथं बैठक बसायच्या आधीच मटण चुलीवर चढलेलं होतं, म्हणजे निकाल काय लागणार हे वासावरूनच कळत होतं. मधल्या खोलीत आमच्याच चादरी अंथरल्या. पाहुणे आले. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो, मोहनमामा. त्यांना नीट बघा म्हणून सांगते: उंच, गोरे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. राजूच्या गालाला हात लावून त्याला चॉकलेट दिलं. सोबत त्यांची आई, आणि साक्षीला आणलेली त्यांची शेजारीण लक्ष्माक्का, तेलुगू बाई, डोईवरून पदर ओढून अगदी कडेला बसलेली.

तात्यांनी आत्याला विचारलं, बोल, काय तक्रार हाय. आत्या दाराजवळ उभी होती. ती जमिनीकडं बघत बोलली, पण स्पष्ट बोलली. म्हणाली, हे मारतात. मारायच्या आधी उठून माग चालू करतात, घराचं दार लावतात, आणि मग मारतात. मामा मान खाली घालून हसले, लहान पोराची थाप ऐकल्यासारखे. सासू म्हणाली, माग काय मारायला लावतोय व्हय, पोटासाठी लावतोय. मग तात्यांनी लक्ष्माक्काला विचारलं, तुमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, तुम्ही कधी काही ऐकलं का. लक्ष्माक्का पदर सावरून म्हणाली, मला मागाचाच आवाज येतो, दुसरं काय येत नाही. ती खोटं बोलली नाही. पण बैठकीत तेवढंच पुरलं.

तात्या म्हणाले, भांड्याला भांडं लागतंच, नवरा-बायकोचं असंच असतं, पाव्हण्यांनी इतक्या माणसात शब्द दिलाय की पुढं तक्रार येणार न्हाय, तर पोरीनं आता मन मोठं करावं. मामांनी आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पा विरघळले. ओटी खरं तर निघताना भरायची. पण तात्यांना घाई. ओटी भरली की बाई पाहुण्यांची झाली, मग रडणं-बिडणं चालत नाही. म्हणून जेवणाआधीच आईला बोलावून आत्याची ओटी भरायला लावली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आईनं तांदूळ ओतताना वर बघितलंच नाही, निम्मे खाली सांडले. आत्यानं ओटी घेतली, पदरात गाठ मारून कमरेला खोचली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडले नाही, कारण आठवीतल्या पोरीला बैठकीत तोंड नसतं.

भाकऱ्या व्हायच्या होत्या. माणसांनी विड्याची पानं लावली. राजूला इतका वेळ गप्प बसवलेलं होतं, त्यानं हळूच टीव्ही लावला आणि गेम सुरू केला. कुणी रागावलं नाही, निकाल लागलेला होता, सगळे खुशीत होते. मामा म्हणाले, अरे वा, हे काय हाय, दे बघू इकडं. राजूनं त्यांना हेल्याचा रिमोट दिला. आणि तात्या, सत्तर वर्षांचे तात्या, मिशीत हसून म्हणाले, नंदे, तू पण बस की, जोडीनं खेळा. सगळे हसले. आत्या उठली, टीव्हीसमोर येऊन बसली. ओटी कमरेला तशीच. तिनं घोरपड घेतली.

पहिलं शहर दोघांनी मिळून पाडलं. मामांना चट्कन जमलं, मागवाल्याची बोटं असतात तशी. ते हसत होते, "हाण, हाण" म्हणत होते. आत्यानं कोपऱ्यातली शेड पाडली, पूल तोडला, आणि मग घोरपड वळली. त्या खेळात एका राक्षसाला दुसऱ्याला मारता यायचं, आम्ही पोरं ते नेहमी करायचो, पण आत्यानं कधी केलं नव्हतं. तिनं हेल्याला शेपटीनं पाडलं. उठला, परत पाडलं. उचलून सिव्हिलवर आपटलं. त्याची तांबडी पट्टी सरसर संपली आणि हेल्या डोकं धरून खाली बसला. तात्या हसत हसत खोकले. म्हणाले, पाव्हणं, बायकोनं चीत केलं की. मामा हसले, म्हणाले, परत एकदा. परत तेच झालं, पहिल्यापेक्षा लवकर. तिसऱ्या वेळी तिनं शहराकडं बघितलंसुद्धा नाही. सुरुवातीपासून त्याच्यावरच. मला लोक विचारतात, तिनं हे मुद्दाम केलं का. मुद्दाम कसलं? त्या खेळात तिला हरता येतच नव्हतं.

तिसऱ्यांदा हेल्या खाली बसला तेव्हा हसणाऱ्यांत मामा नव्हते. त्यांनी रिमोट नीट खाली ठेवला. शर्टाची बाही सारखी केली. उठले, आणि मागच्या दारानं शेडमध्ये गेले. वाटलं, पान थुंकायला गेले असतील. तेवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. माग सुरू झाला. मग दुसरा. टीव्हीवरचं चित्र फाटल्यासारखं हलायला लागलं. आप्पा दचकून दाराकडं बघायला लागले, कारण सुट्टीच्या दिवशी आमच्या शेडमध्ये कोण माग लावणार? मामा दारात आले. शांतपणे आत आले, बैठकीच्या खोलीकडचं दार लोटून कडी घातली, आणि वळून आत्याचे केस धरले.

खोलीत आम्ही इतकी माणसं होतो. भावकी, त्यांची स्वतःची आई, आम्ही पोरं. त्यांनी कुणाकडंही बघितलं नाही. माग चालू होते, म्हणजे त्यांच्या लेखी तिथं कुणी नव्हतं. केसाला धरून तिला फरपटत भिंतीपर्यंत नेलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग बुक्की, त्याच वाकड्या हाडावर. परत तिथंच. पदराची गाठ सैल झाली, नारळ घरंगळत तात्यांच्या पायाशी गेला. आवाज काहीच नाही. नुसता मागाचा खटका, आणि त्याच्या तालावर हात वर जायचा, खाली यायचा. मला वाटलं मी मेले. राजू माझ्या ओढणीत तोंड खुपसून होता. तात्यांच्या तोंडातलं पान तसंच गालात, हात वर उचललेला, पण उठत नव्हते. माणसं बघत होती आणि कुणाचा पाय हलत नव्हता. आत्या काहीतरी बोलत होती. मागाच्या घरातली माणसं आवाज ऐकत नाहीत, ओठ वाचतात; आम्ही सगळे लहानपणापासून तसेच बोलायचो, खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला. आत्याचे ओठ म्हणत होते, बघा, बघा, बघा.

हलली ती आई. पिठाचे हात तसेच घेऊन ती स्वयंपाकघरातून आली. तिनं मामांना हात लावला नाही, कुणाला हाकही मारली नाही. ती सगळ्यांच्या मधून चालत शेडमध्ये गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही गेला, पंखा गेला, माग थांबले. आणि त्या शांततेत पुढच्या बुक्कीचा आवाज आला. हाडावर पडलेली बुक्की, ओलसर, जड. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मामांचा हात परत वर गेलेला होता, तो तिथंच थांबला. माणसं समोर बसली होती तोवर ते थांबले नाहीत. माग बंद झाले तसे ते थांबले. त्यांनी वळून बघितलं, आणि मला शपथ घालून विचारा, त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आश्चर्य होतं, आम्ही आत्ताच कुठून तरी आल्यासारखं.

मग आप्पा उठले. पुढचं मी सगळं बघितलं आणि डोळे मिटले नाहीत. आप्पांनी त्यांच्या पोटात गुडघा घातला, ते वाकले तशी मानेवर मूठ. दार उघडून अंगणात ओढत नेलं, तिथल्या दगडी हौदावर तोंड आपटलं, दात पडला, इस्त्रीचा शर्ट लाल झाला. सासू ओरडत मधे पडली, तिला लक्ष्माक्कानं धरून बाजूला केलं. लक्ष्माक्का तेलुगूत काहीतरी बोलत होती आणि रडत होती. आप्पा मारत होते, मारता मारता हुंदके देत होते. शेवटी शेजारच्या कामगारांच्या चाळीतली माणसं धावत आली, त्यांनी मामांना उचलून रिक्षात घातलं. मला बरं वाटलं. मोठी झाले, शिकले, मारहाण वाईट हे मीही मुलाला सांगते. तरी त्या दिवशी मला बरं वाटलं, आणि आजही वाटतं.

मटण करपल्याचा वास यायला लागला होता. तात्या कुणालाही न सांगता चप्पल घालून गेले. आत्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली होती, आई तिच्या कपाळाला हळद दाबत होती. आप्पा आत आले. हाताची सालटं निघालेली, श्वास लागलेला. ते आत्यासमोर उकिडवे बसले आणि लहान पोरासारखे बोलले.

"नंदे, अगं, एवढं व्हतं तर मला आधी का न्हाय सांगितलंस?"

आत्यानं आईचा हात बाजूला केला. कमरेची गाठ सोडली, पदरातला खण आणि राहिलेले तांदूळ आप्पांच्या पुढ्यात ओतले, आणि पदर झाडून खांद्यावर घेतला.

"सांगितलं व्हतं. मागल्या दिवाळीला आलते तवा. तू मागावर उभा व्हतास."

"माग चालू आसंल, मग मला कसं..."

"चालू व्हता की. तू माझ्या तोंडाकडंच बघत व्हतास, दादा."

आप्पा खाली बघून एकेक करत तांदूळ गोळा करायला लागले. आत्या भिंत धरून उठली आणि आईबरोबर आत गेली. राहिलेल्या भाकऱ्या तिनं थापल्या.